वीस किलोमीटरला पाच मीटर कमी

रस्ते खात्यात मी अनुरेखक आहे. अनुरेखक म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तोच नकाशा पुन्हा काढणारा माणूस. बत्तीस वर्षांपूर्वी मी लागले तेव्हा आम्ही सहा जण होतो. मग संगणक आले आणि पाच जण गेले. मी राहिले, कारण नकाशांचं लोखंडी कपाट गुडघ्याने दाबून उघडावं लागतं आणि ते फक्त मला जमतं.

एका सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर वरून आलेलं परिपत्रक होतं. वीस किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या रस्त्याला यापुढे महामार्ग म्हणायचं नाही, असा त्यातला मतलब. असे रस्ते स्थानिक मंडळाकडे जाणार होते. आमच्या मंडळाकडे एकच रोलर आहे आणि तो बागेत मुलांना चढायला ठेवलेला आहे.

"आपला सत्याहत्तर नंबर किती?" साहेबांनी विचारलं.

"नोंदवहीत बरोबर वीस."

"नोंदवहीवर विश्वास नाही म्हणतात. चाकाने मोजा. आणि सोबत रस्त्याचा इतिहास द्यायचाय. एक पान."

"सत्याहत्तरचा इतिहास एक पान भरेल?"

"तुम्ही त्याच रस्त्यावर वाढलात ना? मग भरा."

हे खरं होतं. अकराव्या किलोमीटरला आमचं घर. तिथे आई अजून एकटी राहते. वय ऐंशी, दात सगळे, आणि मतं त्याहून जास्त.

महामार्ग क्रमांक सत्याहत्तर रेल्वे स्टेशनच्या फाटकापाशी सुरू होतो. गोदामं, दवाखाना, शाळा, बंद पडलेली सूतगिरणी असं करत अकराव्या किलोमीटरला एका टेकडीतून आरपार जातो, चौदाव्याला दगडखाण लागते, आणि शेवटी नदीच्या धक्क्यावर संपतो. खाणीतला दगड नावेत चढवण्यासाठी तो बांधला होता. पुढे नदीवर वरच्या अंगाला मोठा पूल झाला आणि नावा बंद पडल्या. नावा बंद पडल्या म्हणून खाण बंद पडली, आणि खाणीत पाणी भरलं. रस्ता ज्यासाठी होता ते सगळं संपलं. रस्ता तेवढा राहिला.

मोजणीचं चाक म्हणजे काठीला लावलेलं एक चाक. ढकलत चालायचं, दर मीटरला ते टक करतं आणि आकडा पुढे सरकतो. तीन दिवस मी चालले. मागून खात्याची जीप पहिल्या गिअरमध्ये येत होती आणि ड्रायव्हर इंजिनाच्या वतीने तक्रार करत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावरच्या शेवटच्या दगडाला चाक टेकलं. एकोणीस हजार सहाशे चाळीस मीटर.

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले.

पुन्हा मोजलं. एकोणीस हजार सहाशे चाळीस. चाकाला माणसाची भीड नसते.

तीनशे साठ मीटर रस्ता गेला कुठे, हे साहेबांना कोडं होतं. मला नव्हतं. मी कपाटापाशी गेले, गुडघ्याने दाबलं, आणि एकतीस वर्षांपूर्वीचा एक नकाशा काढला.

पूर्वी रस्ता टेकडीतून जात नसे. टेकडीला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून जाई. त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत आईचं चहाचं दुकान. बाबा मी आठ वर्षांची असताना गेले, त्यानंतर त्या दुकानावरच आम्ही दोघी जगलो. वळण इतकं अवघड होतं की प्रत्येक ट्रकला तिथे जवळजवळ थांबावंच लागे. आई म्हणायची, थांबलेल्या माणसाला चहा विकायला अक्कल लागत नाही. मग खात्याने ठरवलं की वळण धोक्याचं आहे. सुरुंग लावून टेकडी फोडली आणि तीनशे दहा मीटरचा सरळ तुकडा केला. ट्रक नाकासमोर निघून जाऊ लागले. दुकान आठ महिन्यांत बंद पडलं. आई नंतर दवाखान्यात चादरी धुवायला जाऊ लागली आणि तिथूनच निवृत्त झाली.

त्या कामावर मुकादम होता माझा मामा. आईचा सख्खा धाकटा भाऊ. टेकडीवर खुंट्या ठोकायला ज्या सकाळी तो आला, त्या सकाळी आधी आईच्या दुकानात बसला, चहा प्यायला, आणि काही न बोलता उठून खुंट्या ठोकायला गेला. आईला बातमी कळली ती संध्याकाळी, एका ट्रक ड्रायव्हरकडून. "माझ्याच दारात चहा पिऊन माझाच रस्ता पळवला," एवढं ती म्हणाली आणि त्या दिवसापासून भावाशी बोलायची बंद झाली. एकतीस वर्षं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळलेला नव्हता.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. जे कुणाला ठाऊक नव्हतं ते नकाशाच्या कोपऱ्यात होतं. तिथे बारीक अक्षरात माझी सही होती. वळण तोडण्याचा तो नकाशा मीच उतरवला होता. नोकरीला पहिलं वर्ष, पंचवीस वय. आमचं घर कुठल्या चौकोनात येतं हे मला दिसत होतं. मी कागद ठेवला, रेघ ओढली, सही केली, आणि घरी जाऊन आईला म्हणाले की आज विशेष काही काम नव्हतं. मामाचं निदान सगळ्यांना कळलं. मी मात्र मूग गिळून बसले, ते अजून गिळतेच आहे.

साहेबांनी नकाशा उलटसुलट पाहिला. सहीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"हे वळण आपण नोंदीतून काढलं का कधी?"

"नाही. नुसतं वापरायचं बंद केलं."

"म्हणजे ते अजून महामार्गच आहे," साहेब म्हणाले, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "वळण हाच मूळ रस्ता दाखवायचा. सरळ तुकडा हा जोडरस्ता. वळण निदान सहाशे सत्तर मीटर भरलं पाहिजे, की झाले वीस किलोमीटर. फक्त त्याची देखभाल चालू होती याचा कागद हवा, आणि जुन्या मुकादमाने जागेवर येऊन हद्द दाखवायला हवी. कोण होता मुकादम?"

मी सांगितलं.

मामा धक्क्यापाशी राहतो. शेवटच्या बस थांब्यासमोरची बैठी चाळ, त्यातली टोकाची खोली. मामी गेल्यापासून एकटाच. मी गेले तेव्हा तो खिडकीच्या चौकटीला रंग देत होता. त्याच्या रोजवह्या पलंगाखाली ट्रंकेत ओळीने लावलेल्या होत्या. निवृत्त होताना खात्याने परत मागितल्या नाहीत, म्हणून त्याने दिल्या नाहीत.

आम्ही जमिनीवर बसून वह्या चाळल्या. वळणावरची, रस्त्याखालून पाणी नेणारी प्रत्येक मोरी त्याने दरवर्षी साफ करून घेतली होती. रस्ता बंद झाल्यावरही निवृत्तीपर्यंत चौदा वर्षं. खड्डे बुजवले, गवत काढलं, तारखेसकट. आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, पाहणीच्या पानावर, एकच ओळ: "कि.मी. अकरा, जुने वळण, बाहेरील बाजू. कुंपण. नजरेस आले नाही."

"मामा, हे काय?"

"काय?"

"कुंपण नजरेस आलं नाही, असं लिहिलंय. नजरेस आलं नाही तर लिहिलं कसं?"

मामाने चष्मा काढून पुसला. "तुझ्या आईने कुंपण पुढे सरकवलं होतं. रस्ता मेल्यावर. पहिल्या वर्षी हातभर, मग दरवर्षी थोडं थोडं. आता निम्मा रस्ता तिच्या वाफ्यांखाली आहे. मुकादमाने अतिक्रमण कळवायचं असतं. खोटं लिहायची मला सवय नाही आणि कळवायची हिंमत नव्हती. मग मधलं काहीतरी लिहिलं."

"चौदा वर्षं?"

"कुणी वाचतं का रोजवही?"

मग मी ते विचारलं जे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. "त्या दिवशी तिला सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. त्यासाठीच आधी गेलो. पहिला चहा झाला, धीर झाला नाही. दुसरा मागितला. तिसरा मागायची लाज वाटली." त्याने वही मिटली. "आणि सांगितलं असतं तर ती रस्त्यावर आडवी पडली असती. रोलर मीच चालवत होतो गं."

गुरुवारी सकाळी आम्ही वळणावर जमलो. मी, चाक, मामा आणि आई. ड्रायव्हर जीपमध्येच बसून राहिला. त्याला वाटलं इथे भांडण होईल, आणि त्याचं सगळंच चुकलं असं नाही.

मामाने धुवून इस्त्री केलेला सदरा घातला होता. आई कुंपणाच्या आत, कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या मागे टोमॅटोचे सहा लांब वाफे.

"तुझ्या मामाला विचार, पाणी हवंय का," आई मला म्हणाली. मामा तिच्यापासून चार पावलांवर होता.

"तिला सांग, नको," मामा म्हणाला.

"सांग त्याला, मी आग्रह करणार नाहीये."

मी काहीच कुणाला सांगितलं नाही. दोघांचे कान शाबूत होते.

मामाने मोरीपाशी वळणाची सुरुवात दाखवली, माझ्या हातातून चाक घेतलं आणि स्वतःच ढकलू लागला. कुंपण सोडून उरलेल्या पट्ट्यावरून, टेकडीच्या अंगाने, तो हळूहळू पलीकडे गेला. आई कुंपणाच्या आतून त्याच्याबरोबर चालत राहिली, ताठ मानेने, जणू ती दुसऱ्याच कामाला निघाली होती. पलीकडच्या मोरीपाशी चाक थांबलं. मी आकडा वाचला. सहाशे पासष्ट.

"पाच कमी," मी म्हणाले.

"किती लागतात?" आईने विचारलं.

"सहाशे सत्तर. नाही भरले तर रस्ता मंडळाकडे जाईल."

"मंडळाकडे?" आईला बागेतला रोलर माहीत होता. तिने मामाकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि मग तिचा आवाज चढला. "भरतील कसे? आतल्या कडेने कडेने चाललाय हा! तीस वर्षं मुकादमकी केली आणि एवढं कळत नाही? रस्ता मधोमध मोजतात, मधोमध!"

एकतीस वर्षांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मधोमध तुझे टोमॅटो आहेत, ताई," तो म्हणाला.

आईने वाफ्यांकडे पाहिलं. त्या वर्षी टोमॅटो चांगले धरले होते. काही लाल झाले होते, बरेच अजून हिरवे.

"मग टोमॅटोतून चाल," ती म्हणाली.

तिने स्वतः कुंपणाची तार खाली दाबून धरली. मामा काठी सावरत आत आला. चाक वाफ्यांवरून गेलं, आळी मोडत, दर मीटरला टक करत. आई पुढे पुढे चालत फांद्या बाजूला करत होती आणि दर दहा पावलांनी मागे वळून सांगत होती, "जरा डावीकडे. तिथे खडी लागेल बघ खाली. लागली?"

"लागली."

"मग तोच मध्य. मला माहीत नाही होय?"

सहाशे बहात्तर मीटर भरले. एकूण वीस हजार दोन.

पुढचं काम माझ्याच वाट्याला आलं. महामार्गाच्या हद्दीत कुंपण असेल तर नोटीस द्यावी लागते. नोटीस मीच टाइप केली, साहेबांनी सही केली, आणि मीच ती आईला नेऊन दिली. आईने ती दोनदा वाचली. "आपणांस कळविण्यात येते" या शब्दांवर तिने बोट ठेवलं. "स्वतःच्या आईला 'आपणांस'?"

"साहेबांचं पत्र आहे, आई."

"मग साहेबांना सांग, टोमॅटो उतरवून होईपर्यंत थांबा."

साहेब थांबले. तीन आठवड्यांनी मामा पहिल्या बसने आला, पक्कड आणि हातमोजे घेऊन. शहात्तर वर्षांचा माणूस दिवसभर खांब उपटत होता आणि ऐंशी वर्षांची बाई त्याला कुठला खांब आधी उपटायचा ते सांगत होती. कामावरून सुटल्यावर मीही गेले. तोवर त्याची शेवटची बस चुकली होती. आईने त्याचं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं, जिथे पूर्वी दुकान होतं.

जेवणं झाल्यावर मी इतिहासाचं पान वाचून दाखवलं. मला ते बरं जमलंय असं वाटत होतं. स्टेशन, खाण, नावा, पूल. मग हे वाक्य आलं: "किलोमीटर अकरा येथील वळण सुरक्षिततेच्या कारणास्तव सरळ करण्यात आले."

"करण्यात आले?" आई म्हणाली. "कोणी केलं?"

"सरकारी लिहिणं असंच असतं, आई. करणाऱ्याचं नाव नसतं."

"का नसतं? हवेने फुटली टेकडी? कोणी केलं ते लिही."

मामा भिंतीला टेकून बसला होता. "लिही," तो मला म्हणाला. "मुकादमाने केलं, लिही. बहिणीला न सांगता केलं, तेही लिही हवं तर."

आईने ताटं एकात एक ठेवली. मामा जमिनीकडे बघत होता. एकतीस वर्षं सगळं खापर एकट्याच्या डोक्यावर घेतलेला माणूस समोर बसलेला असताना मला ते पान हातात धरवेना.

"नकाशा मी उतरवला होता," मी म्हणाले. "त्याने खुंट्या ठोकायच्या चार महिने आधी. मला तेव्हाच माहीत होतं."

मामाने मान वर केली. त्याला ही बातमी नवीन होती. आई ताटं घेऊन उठली होती, ती तशीच उभी राहिली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"नकाशा पोस्टाच्या भिंतीवर लावला होता. दोन महिने होता. त्यावर सत्याहत्तर लिहिलेलं. तुझा सात पहिलीपासून असा असतो, पोटाला गाठ मारल्यासारखा. बाईंनी किती छड्या मारल्या, सुधारला नाही."

"मग त्याच्याशी बोलणं सोडलंस. माझ्याशी का नाही?"

आईने विचार केला. खरोखरच केला. असा प्रश्न तिला कुणी घातला नव्हता आणि तिनेही स्वतःला घातला नसावा.

"दोघांशी सोडलं असतं तर बोलले कुणाशी असते?" ती म्हणाली आणि ताटं घासायला गेली.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा थोडा मोठा. मामा म्हणाला, "म्हणजे दोन महिने तिला सगळं माहीत होतं."

माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. खुंट्यांच्या आधी की नंतर, नकाशा कधी लागला होता? मी आत जाऊन आईला विचारलं.

"आधी," आई पाठमोरीच म्हणाली. "त्या सकाळी तो आला तेव्हा मला वाटलं, आता सांगेल. दोन कप चहा दिला. वाट पाहिली. सांगितलं असतं तर म्हणाले असते, जा बाबा, तुझं काम आहे, कर."

मी हे बाहेर जाऊन मामाला सांगायला हवं होतं का, मला कळलं नाही. पण घर लहान आहे. त्याने ऐकलं होतं. तो उठून आत आईपाशी गेला, भिंतीवरचा पंचा घेतला, आणि आई घासून देईल ते भांडं पुसू लागला. तिने त्याला एक पातेलं परत केलं, नीट पुसलं नाही म्हणून.

मी पानावर ते वाक्य दुरुस्त केलं: "वळण मुकादमाने सरळ केले. नकाशा अनुरेखकाने उतरवला." साहेबांनी दोन्ही वाक्यं खोडली आणि पुन्हा "करण्यात आले" लिहिलं. मी वाद घातला नाही. जिथे वाचून दाखवायचं होतं तिथे दाखवून झालं होतं.

वरून उत्तर यायला सात महिने लागले. लांबी मान्य. महामार्ग क्रमांक सत्याहत्तर महामार्गच राहिला, आणि कागदोपत्री तो आता टेकडीला वळसा घालून जातो. प्रत्यक्षात सगळे ट्रक सरळच जातात. वळणावर डांबराचा एक थर पडला. मधून मधून एखादा नवखा ड्रायव्हर पाटी वाचून तिकडे शिरतो आणि आईच्या दारात थांबून विचारतो की हा खरंच महामार्ग आहे का. आई हो म्हणते. चहा मात्र देत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे आता तिचे पाय दुखतात.

मामा आठवड्यातून एकदा येतो. त्यांचं बोलणं बाहेरून ऐकणाऱ्याला भांडण वाटावं असं असतं.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, तिला धक्का बघायचाय. सारा जन्म या रस्त्यावर काढून ती चौदाव्या किलोमीटरच्या पुढे लग्नाआधीच काय ती गेली होती. आम्ही बसने गेलो. मामा थांब्यावर उभा होता, अर्धा तास आधीपासून. त्याने तिला त्याची खोली दाखवली, रंगवलेली खिडकी दाखवली, मग पाण्यापर्यंत घेऊन गेला. रस्ता तिथे दगडी उतारावरून सरळ नदीत जातो. डांबर संपतं, मग दगड, मग शेवाळं, मग पाणी.

आई बराच वेळ बघत उभी राहिली. पलीकडचा काठ लांब होता.

"पलीकडे काय आहे?" तिने विचारलं.

"तिकडेही एक धक्का आहे," मामा म्हणाला.

"आणि मग?"

"मग रस्ता असेल. तो आपल्या खात्यात येत नाही."

आईने मान डोलावली. वारा होता, म्हणून तिने पदर घट्ट धरला. मामाने पिशवीतून पाव आणि तीन उकडलेली अंडी काढली, आणि आम्ही शेवटच्या दगडावर बसून खाल्ली.